'बॅफलिंग' कुठे बसतं आणि कुठे बसत नाही

प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजी बातम्यांत आणि क्रिकेटच्या समालोचनात 'बॅफलिंग' हे विशेषण सारखं कानावर पडतं. शब्दकोशात 'गोंधळात टाकणारे' एवढाच अर्थ सापडतो. तोच अर्थ 'कन्फ्यूजिंग', 'पझलिंग' आणि 'परप्लेक्सिंग' यांच्यापुढेही लिहिलेला असतो. मग फरक काय? परीक्षेत, अर्जात किंवा ईमेलमध्ये यांतला कोणता शब्द कुठे घालायचा?

'गोंधळात टाकणारे' हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. गोंधळ उडतो तेव्हा माणसाच्या डोक्यात गोष्टींची सरमिसळ झालेली असते. 'बॅफलिंग' गोष्टीपुढे डोकं शाबूत असतं. माणसाने विचार केलेला असतो, एक कारण लावून पाहिलेलं असतं, मग दुसरं, मग तिसरं, आणि एकही लागू पडत नाही. मराठीत याच्या सर्वांत जवळ जाणारा वाक्प्रयोग म्हणजे 'दाद न देणं'. जी गोष्ट बुद्धीला दाद देत नाही, ती बॅफलिंग. अनाकलनीय, बुचकळ्यात टाकणारं, न उलगडणारं हे प्रतिशब्दही चालतात, पण 'दाद न देणं' डोक्यात ठेवलं की या शब्दाची जुनी-नवी सगळी रूपं एका सुतात येतात.

'बॅफल' या क्रियापदाचा एक जुना अर्थ आहे: निष्फळ करणं, अडवून धरणं. इंग्रजी इतिहासग्रंथ वाचणाऱ्यांना तो वारंवार भेटतो. खानदेशच्या फारुकी राजांचा असीरगड घ्या (आज तो मध्य प्रदेशात, बऱ्हाणपूरच्या वर आहे). अकबराने 1600 साली त्याला वेढा घातला आणि किल्ला हाती यायला 1601 उजाडलं. अशा प्रसंगावर जुन्या वळणाच्या इंग्रजीत 'द फोर्ट बॅफल्ड द बिसीजर्स' असं वाक्य आलं, तर 'किल्ल्याने वेढा घालणाऱ्यांना गोंधळात टाकले' हे भाषांतर हास्यास्पद होईल. किल्ल्याने दाद दिली नाही, एवढंच तिथे म्हणायचं आहे. 'इट बॅफल्स डिस्क्रिप्शन' म्हणजेही वर्णनाला दाद न देणारं, शब्दांत न मावणारं. शिडाच्या जहाजांच्या काळात 'बॅफलिंग विंड्स' म्हणजे सतत दिशा बदलणारे, जहाज पुढे सरकू न देणारे वारे. 'थ्वॉर्ट', 'फॉइल' आणि 'फ्रस्ट्रेट' हे शब्द याच अर्थाचे सोबती. परीक्षेतल्या पर्यायांत 'पझल' दिसलं नाही आणि 'थ्वॉर्ट' दिसलं, तर घाबरू नका. प्रश्नकर्त्याने हा जुना अर्थ धरलेला असतो.

हाच शब्द गॅरेजमध्येही आहे. मोटरसायकलच्या सायलेन्सरमध्ये आवाजाच्या लाटा अडवणारी जी नळी किंवा पत्र्याचा तुकडा असतो, त्याला मेकॅनिक 'बॅफल'च म्हणतो. टँकरच्या टाकीत आतलं द्रव हिंदकळू नये म्हणून आडवे पत्रे बसवतात, तेही बॅफल. पत्रा तेलाच्या वाटेत येतो आणि बॅफलिंग गोष्ट विचाराच्या वाटेत येते. शब्द एकच आहे.

आता सर्वांत जास्त गुण घालवणारी चूक पाहू. 'आय ॲम बॅफलिंग' असं लिहिलं जातं, जसं 'आय ॲम बोअरिंग' आणि 'आय ॲम कन्फ्यूजिंग'. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं 'मी कोड्यात पडलो', आणि वाक्याचा अर्थ होतो 'मी लोकांना कोड्यात टाकतो'. यावर मराठीतच पक्का उपाय आहे. टाकणारं आणि पडलेला, ही जोडी लक्षात ठेवा. कोड्यात टाकणारी वस्तू, घटना किंवा माणूस म्हणजे 'बॅफलिंग', आणि कोड्यात पडलेला माणूस म्हणजे 'बॅफल्ड'. वाक्य इंग्रजीत लिहिण्याआधी मनात 'टाकणारं' म्हणून पाहा. बसलं तर शेवटी 'इंग' लावा. 'पडलेला' बसलं तर 'एड' लावा. निकाल बॅफलिंग, विद्यार्थी बॅफल्ड. सूचना बॅफलिंग, वाचणारा बॅफल्ड.

इथे एक पोटफाटा आहे, तोही पाहून ठेवा. माणसाला 'बॅफलिंग' म्हणता येतं, पण तेव्हा तो स्वतः गोंधळलेला नसतो. 'अ बॅफलिंग मॅन' म्हणजे ज्याच्या वागण्याचा इतरांना थांग लागत नाही असा माणूस. 'अ बॅफल्ड मॅन' म्हणजे ज्याला समोरच्या गोष्टीचा थांग लागत नाही असा. बँकेच्या परीक्षांत चूक शोधा प्रकारात अशा जोड्या येतात. 'आय वॉज बॅफलिंग टू सी द रिझल्ट' यात चूक 'बॅफलिंग'मध्ये आहे. 'द इन्स्ट्रक्शन्स वेअर सो बॅफल्ड दॅट नोबडी कुड फॉलो देम' यात चूक 'बॅफल्ड'मध्ये आहे, कारण सूचना कोड्यात पडत नाहीत.

दुसरी चूक इतकी ठळक नसते, पण लेखन कच्चं दिसायला पुरेशी असते. कठीण आणि बॅफलिंग यांची गल्लत होते. गणिताचा पेपर अवघड गेला, प्रश्न समजले पण सुटले नाहीत, तर पेपर 'डिफिकल्ट' किंवा 'टफ'. प्रश्नात सापळा होता तर 'ट्रिकी'. प्रश्नात नेमकं विचारलंय काय हेच लागलं नाही, तरच 'बॅफलिंग'. लांबलचक, क्लिष्ट, खूप पायऱ्यांचं काम 'कॉम्प्लिकेटेड' असतं. ते समजू शकतं, फक्त वेळ खातं. पीक विम्याचा अर्ज भरणं किचकट आहे, म्हणून ते बॅफलिंग ठरत नाही. सगळे कागद बरोबर असताना, कोणतंही कारण न देता तोच अर्ज पुन्हा पुन्हा परत येत असेल, तर ते बॅफलिंग.

तिसरी अडचण शेजारच्या शब्दांची. अहिराणीत माणूस 'माले काहीच समजस नही' एवढं म्हणून मोकळा होतो, आणि ते पुरतंही. इंग्रजी मात्र विचारते की का समजत नाही. कारण बदललं की विशेषण बदलतं.

'कन्फ्यूजिंग' शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं 'एकत्र ओतणं' आहे. दोन सारख्या गोष्टी मिसळल्या, मांडणी वाईट झाली, सांगणाऱ्याने उलटसुलट सांगितलं, की 'कन्फ्यूजिंग'. एकाच दिवशी केळीचा फलकावरचा भाव एक आणि बांधावरचा दुसरा ऐकू आला, तर ते कन्फ्यूजिंग. कोणी नीट उलगडून सांगितलं की हा गोंधळ संपतो, आणि हीच त्याची खूण. 'बिविल्डरिंग'च्या मुळाशी रानात वाट चुकवणं आहे. तिथे गोष्टी खूप असतात आणि सगळ्या एकदम अंगावर येतात. भुसावळसारख्या मोठ्या जंक्शनवर मुंबई, नागपूर, इटारसी आणि सुरतकडच्या गाड्यांच्या घोषणा एकापाठोपाठ ऐकणाऱ्या नवख्या प्रवाशाची अवस्था म्हणजे 'बिविल्डर्ड'. मराठीत 'चक्रावणं' इथे चपखल बसतं. 'अ बिविल्डरिंग ॲरे ऑफ' ही तयार शब्दजोडी आहे. दुकानातल्या शंभर प्रकारच्या बियाण्यांच्या पाकिटांसाठी ती वापरा.

'परप्लेक्सिंग' म्हणजे गुंतागुंतीचं, मूळ अर्थ विणलेलं, गुंतलेलं. त्यात बहुधा निर्णय घ्यायचा असतो आणि दोन्ही बाजूंनी ओढ असते. म्हणून 'प्रॉब्लेम', 'क्वेश्चन' आणि 'डायलेमा' या नामांशी त्याची सोयरीक जुळते. 'पझलिंग' यांत सर्वांत सौम्य आणि सर्वांत आशावादी. उत्तर असणार, फक्त अजून मिळालेलं नाही, असा त्याचा सूर. दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला वाहत असताना तापी पश्चिमेला का वाहते, हे शाळकरी मुलाला 'पझलिंग' वाटतं. ती खचदरीतून वाहते हे कळलं की कोडं सुटतं. भास्कराचार्यांनी स्वतःचं गाव विज्जलविड असं सांगितलं आणि त्यांच्या नातवाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला सापडला. मग विज्जलविड नेमकं कोणतं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. शोधनिबंधात याला 'अ पझलिंग क्वेश्चन' म्हणावं. 'बॅफलिंग' म्हटलं तर लेखकाने हात टेकले असं वाटतं.

एरंडोल तालुक्यातल्या फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांची ख्याती अशी की एक हलवला की दुसराही हलायचा. हे पाहणाऱ्याला 'बॅफलिंग' वाटणं स्वाभाविक होतं, कारण तो डोळ्यांनी पाहायचा, हाताने चाचपायचा आणि तरी कारण लागायचं नाही. कंपनं एका बांधकामातून दुसऱ्यात कशी जातात हे शिकलेला अभियंता त्याच गोष्टीला 'इंटरेस्टिंग' म्हणेल. म्हणजे 'बॅफलिंग' हा वस्तूचा कायमचा गुण नसतो. तो कोणाला वाटतो यावर अवलंबून असतो, आणि म्हणून त्याच्यापुढे 'टू' लावून माणूस सांगता येतो: 'बॅफलिंग टू व्हिजिटर्स'.

लपवलेल्या अर्थाचे शब्द वेगळ्या घराण्यातले. 'क्रिप्टिक' म्हणजे मुद्दाम झाकून सांगितलेलं: तुटक निरोप, गूढ चिठ्ठी, शब्दकोड्यातला सूचक इशारा. 'एनिग्मॅटिक' माणसाला किंवा स्मिताला लावतात, आणि त्यात आकर्षण असतं. 'इन्स्क्रूटेबल' म्हणजे चेहऱ्यावरून काही कळू न देणारा. भाव ठरवताना समोरच्याला अंदाज लागू न देणाऱ्या व्यापाऱ्याचा चेहरा इन्स्क्रूटेबल. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात ठेवलेले मोडी कागद, मोडी न येणाऱ्याला यांपैकी काहीच नाहीत. त्याला ते फक्त वाचता येत नाहीत, आणि त्यासाठी 'इल्लेजिबल'ही चालणार नाही, कारण अक्षर चांगलं असू शकतं. तिथे साधं 'आय कॅनॉट रीड मोडी' लिहावं.

'माइंड-बॉगलिंग' हा यांतला सर्वांत बोलभाषेतला. 'बॉगल' हे क्रियापद मुळात घोड्याचं. भुताला पाहिल्यासारखा घोडा एकदम दचकतो, अडतो, मागे सरतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात कोणालाही विचारा, यासाठी मराठी शब्द तयार आहे: बुजणं. बुद्धी बुजते, कारण समोरचा आकडा किंवा पसारा कल्पनेत मावत नाही. म्हणून विश्वाचा विस्तार, घोटाळ्याची रक्कम, ताऱ्यांची संख्या यांना माइंड-बॉगलिंग म्हणतात. चोराने कुलूप न तोडता, दार न उघडता तिजोरी कशी रिकामी केली, हे बॅफलिंग. त्यातली रक्कम ऐकून तोंडात बोट गेलं, तर ती माइंड-बॉगलिंग.

'इनएक्स्प्लिकेबल' आणि 'अनएक्स्प्लेन्ड' हे दोन शब्द कागदोपत्री महत्त्वाचे आहेत. 'बॅफलिंग' बोलणाऱ्याच्या मनाची अवस्था सांगतं. 'इनएक्स्प्लिकेबल' त्याहून कडक आहे. या गोष्टीचं समर्थनच होऊ शकत नाही, असा आरोप त्यात असतो. 'अनएक्स्प्लेन्ड' फक्त इतकंच सांगतं की कारण अजून दिलेलं नाही. कार्यालयाला पत्र लिहिताना 'अनएक्स्प्लेन्ड डिले' सभ्य, 'इनएक्स्प्लिकेबल डिले' लढाऊ, आणि 'बॅफलिंग डिले' थोडं वैतागलेलं वाटतं.

हा वैताग हल्लीच्या वापरात फार वाढला आहे, आणि शब्दकोश तो नीट सांगत नाहीत. 'अ बॅफलिंग डिसिजन' असं समालोचक म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा कोडं पडलेलं नसतं. निर्णय मूर्खपणाचा होता, हे तो सभ्यपणे सांगत असतो. खेळपट्टीवर गवत असताना पहिल्यांदा फलंदाजी घेतली, चांगला गोलंदाज बाकावर बसवला, की 'बॅफलिंग' येतंच. इथे मराठीत 'अनाकलनीय निर्णय' म्हटलं की तोच टोमणा उतरतो, कारण मराठी वर्तमानपत्रांनी 'अनाकलनीय'चा वापर नेमका याच सुरात रुळवला आहे. 'गूढ निर्णय' केलंत तर टोमणा गेला आणि भलतीच रहस्यकथा सुरू झाली. यावरून पुढचा सावधपणा आपोआप येतो: साहेबांच्या किंवा प्राध्यापकांच्या निर्णयाला ईमेलमध्ये 'बॅफलिंग' म्हणू नका. तुम्हाला खरंच फक्त समजलेलं नसलं, तरी वाचणाऱ्याला ते टीकाच वाटेल. तिथे 'आय डिड नॉट क्वाइट अंडरस्टँड' किंवा 'कुड यू प्लीज क्लॅरिफाय' हेच बरं.

वीजबिलाचं उदाहरण घेतलं तर तिन्ही सूर एकत्र दिसतात. बिलाची छपाई आणि रकाने कळत नाहीत तेव्हा 'द बिल इज कन्फ्यूजिंग'. रीडिंग नेहमीसारखं असून रक्कम तिप्पट आली आणि तुम्ही शांतपणे चौकशी करताय, तेव्हा 'आय ॲम पझल्ड बाय द सडन इन्क्रीज'. तीन महिने तक्रारी करूनही तेच चाललंय, तेव्हा 'इट इज बॅफलिंग दॅट द एरर हॅज नॉट बीन करेक्टेड'. पहिल्याच पत्रात तिसरं वाक्य लिहिलं तर पुढे चढायला पायरी उरत नाही.

दवाखान्यात मात्र शब्द जपूनच वापरायला हवा. 'द सिम्प्टम्स आर बॅफलिंग' म्हणजे लक्षणांवरून निदान होत नाही. 'द पेशंट इज कन्फ्यूज्ड' हे डॉक्टरांच्या भाषेत स्वतंत्र लक्षण आहे: रुग्णाला वेळ, जागा, माणसं यांचं भान राहिलेलं नाही. आजोबांना औषधाच्या वेळा लक्षात राहत नाहीत एवढंच सांगायचं असेल आणि नातेवाइकाने 'ही इज कन्फ्यूज्ड' म्हटलं, तर मेंदूच्या तपासण्यांचा विषय निघू शकतो. 'ही मिक्सेस अप हिज मेडिसिन्स' म्हणा. हाच काटेकोरपणा शेतीतही लागतो. केळीच्या पानावरचे पिवळे पट्टे विषाणूमुळे की अन्नद्रव्याच्या कमतरतेमुळे, हे कृषी सल्लागाराला इंग्रजीत लिहून पाठवताना 'बॅफलिंग सिम्प्टम्स' लिहून काही साधत नाही. पट्टे कोणत्या पानावर आहेत, कधीपासून, किती झाडांवर, हे लिहा. विशेषण तपशिलाच्या जागी बसवलं की उत्तर देणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

वाक्यरचनेपुरतं सांगायचं तर सर्वांत सहज इंग्रजी विशेषणाने नव्हे, क्रियापदाने होतं: 'इट बॅफल्स मी', 'व्हॉट बॅफल्स मी इज...'. 'इट इज बॅफलिंग मी' ही चालू काळाची रचना मराठी 'मला कळत नाहीये'वरून येते. ती टाळा. विशेषण घ्यायचं तर 'आय फाइंड इट बॅफलिंग दॅट' आणि 'इट इज बॅफलिंग हाऊ' हे दोन साचे पाठ असले तरी काम भागतं. 'बॅफल्ड'च्या पुढे 'बाय' लावा. 'ॲट'ही चालतं, 'ॲज टू व्हाय' औपचारिक लेखनात शोभतं, पण 'विथ' नको. जोर द्यायला 'व्हेरी' चुकीचं नाही, तरी 'कम्प्लीटली', 'अटरली' आणि 'टोटली' यांची जोडी जास्त नैसर्गिक. तुलना 'मोर' आणि 'मोस्ट' लावून. क्रियाविशेषण 'बॅफलिंगली', नाम 'बॅफलमेंट'. विरुद्धार्थी विचारलं तर 'क्लिअर', 'स्ट्रेटफॉरवर्ड' किंवा 'सेल्फ-एक्स्प्लनेटरी', आणि क्रियापदाचा विरुद्धार्थी 'क्लॅरिफाय' किंवा 'एनलाइटन'.

बातमीचं भाषांतर करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 'पोलीस बॅफल्ड' याचं 'पोलीस गोंधळले' केलं तर पोलिसांची धांदल उडाल्यासारखं वाटतं. 'पोलीस चक्रावले' रूढ आहे आणि खपून जातं, पण 'पोलिसांना धागादोरा मिळेना' हे जास्त खरं. विशेषणाचं भाषांतर विशेषणानेच झालं पाहिजे असा काही नियम नाही. 'अ बॅफलिंग केस' म्हणजे 'न उलगडणारं प्रकरण', 'अ बॅफलिंग ओमिशन' म्हणजे 'याला का वगळलं, कळायला मार्ग नाही'.

उच्चार दोनच अवयवांचा (म्हणजे सिलेबलचा): बॅफ्-लिंग. देवनागरीत 'बॅफलिंग' लिहिल्यामुळे बॅ-फ-लिंग असं तीन तुकड्यांत वाचलं जातं, ते टाळा. 'बॅ' बॅटमधला, जोर त्याच्यावर. 'फ' फुगा म्हणताना ओठ मिटतात तसा नाही. वरचे दात खालच्या ओठाला टेकवून हवा सोडायची. 'परप्लेक्सिंग'मध्ये मात्र जोर दुसऱ्या अवयवावर, 'प्लेक्'वर. स्पेलिंगमध्ये एफ दोनदा येतो. क्रियापदाच्या शेवटचा ई 'इंग' लागताना गळतो, त्यामुळे एल आणि आयच्या मध्ये ई ठेवलात तर ती चूक धरली जाते.